नाही म्हणणारा तांडेल

हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या रायापूरहून समुद्र दिसत नाही. पण तो फार लांबही नाही. कलघटगी आणि यल्लापूर मागे टाकून अरबैल घाट उतरला आणि अंकोला गाठले, की उजव्या हाताला कारवार आणि डाव्या हाताला गोकर्ण. अंतर दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक. या जुळ्या शहरांतल्या नोकरदार आणि व्यापारी कुटुंबांची समुद्राची हौस आजवर किनाऱ्यावरच भागत आली आहे: वाळूत चार पावले, मासळीचे जेवण, फार तर अर्ध्या तासाची होडीची फेरी. आता त्याच कुटुंबांच्या फोनवर वेगळीच चित्रे येतात. ग्रीस, क्रोएशिया किंवा कॅरिबियन समुद्रातली पांढरी नौका. तिच्यावर आठ-दहा पाहुणे आणि त्यांच्या दिमतीला कप्तान, खलाशी, स्वयंपाकी. न्याहारी एका बेटाच्या आडोशाला, पोहणे दुसऱ्या बेटापाशी, रात्रीचा मुक्काम तिसऱ्याच खाडीत नांगर टाकून. खलाशांसह भाड्याने घेतलेल्या नौकेतून केलेली ही बेटांची सहल आपल्या किनाऱ्यावरही हवी, असे म्हणणारे वाढत आहेत, आणि ही चैन आपल्याला परवडणारी नाही म्हणून नाक मुरडणारेही आहेत. दोघांचीही नजर नौकेच्या थाटावरच खिळलेली दिसते. मला त्या थाटामागचा करार अधिक मोलाचा वाटतो. पाहुण्याने पूर्ण पैसे मोजल्यावरही त्याला ‘आज नाही’ असे सांगण्याचा अधिकार या करारात नौकेच्या कप्तानाकडे राहतो. आपल्या किनाऱ्याने या व्यवसायाकडून काही उचलायचे असेल तर हा अधिकार उचलावा, असे माझे म्हणणे आहे.

काय उचलू नये, ते आधी पाहू. या सहलींच्या जाहिरातीत बेट नेहमी रिकामे असते. निळे पाणी, पांढरी वाळू आणि माणूस एकही नाही. विकले जाते ते एकान्ताचे आश्वासन. आपल्या किनाऱ्यावरच्या बेटांना हे चित्र लागू करायला गेले की ते लगेच फाटते. कारवारसमोरचे अंजदीव घ्या. 1498 मध्ये वास्को द गामा इथे थांबला, 1505 मध्ये पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले तरी पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात, तेव्हा ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनच्या सैनिकांनी याच बेटावर तळ ठोकला. रोगराईने त्यांतले बहुतेक इथेच मेले आणि 1664 मध्ये शिपमनही गेला. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत हे बेट घेताना भारतीय नौदलाचे सात जवान कामी आले. आज ते लाटारोधक बांधाने किनाऱ्याला जोडलेले असून नौदलाच्या कदंब तळाचा भाग आहे. तिथे पर्यटकाला पाऊल टाकता येत नाही. काळी नदीच्या मुखाजवळच्या कूर्मगडावर नरसिंहाचे देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेला जत्रा भरते. देवगड बेटावर एकोणिसाव्या शतकातला दीपस्तंभ आहे. मुरुडेश्वरसमोरची नेत्राणी मच्छीमारांसाठी देवस्थान, पाणबुड्या पर्यटकांसाठी प्रवाळाची बाग आणि नौदलासाठी गोळीबाराच्या सरावाचे लक्ष्य अशी तिन्ही राहिली आहे. वर मालवणकडे गेले तर वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्यांच्या वसाहती, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात. यातले एकही बेट ‘मोकळे’ नाही. प्रत्येकाला कुणी ना कुणी धनी आहे: देव, नौदल, पक्षी किंवा रोज पहाटे त्याच्या आडोशाला जाळे टाकणारा खारवी, गाबीत, हरिकंत्र. तेव्हा एकान्त विकणारी सहल इथे आणायची तर तो एकान्त कुणाला तरी हुसकावूनच तयार करावा लागेल.

मग घेण्यासारखे काय आहे? या व्यवसायाची रचना बारकाईने पाहिली की तीन गोष्टी समोर येतात. पहिली, भाडे माणशी नसते; संपूर्ण नौका ठरावीक दिवसांसाठी, बहुधा आठवड्यासाठी, घेतली जाते. इंधन, किराणा, बंदराचे शुल्क यांसाठी पाहुण्यांकडून वेगळी उचल आधीच घेतात. म्हणजे नौकेत एक माणूस जास्त चढवून मालकाला दमडीही जास्त मिळत नाही. दुसरी गोष्ट संख्येची. समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि त्याला कितीतरी कडक नियम लागतात. म्हणून अशा नौका सहसा बारा पाहुण्यांवर जात नाहीत. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. त्याच कराराच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट नियम आहे की, जहाजाच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेसाठी कप्तानाला जो निर्णय आवश्यक वाटेल, त्याच्या आड मालकाने किंवा जहाज भाड्याने घेणाऱ्याने येऊ नये. खासगी सहलीच्या भाडेकरारांतही हेच तत्त्व उतरलेले असते. वारा फिरला, पाणी खवळले, तर मार्ग बदलायचा की नांगर उचलायचाच नाही, हे कप्तान ठरवतो आणि त्याने नौका हलवली नाही म्हणून त्याचा पगार बुडत नाही. पाहुण्याने लाखो रुपये मोजलेले असतात. ते मोजताना त्याने या नकाराचेही पैसे भरलेले असतात. थाट, पांढरे गणवेश, चांदीचे काटे-चमचे हे सगळे या तीन गोष्टींवर चढवलेले वरचे रंगकाम आहे.

आता हीच तीन कलमे आपल्या किनाऱ्याला लावून पाहू. 21 जानेवारी 2019 रोजी, पौष पौर्णिमेच्या दिवशी, कूर्मगडच्या जत्रेहून परतणारी बोट कारवारजवळ उलटली आणि सोळा माणसे बुडाली. त्यांत हावेरी जिल्ह्यातून, म्हणजे आपल्या शेजारच्या सपाट मुलखातून, आलेल्या एका कुटुंबातले अनेक जण होते. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबासाठी नेलेली पर्यटकांची बोट किनाऱ्याकडे परतताना उलटली आणि दोघांचा जीव गेला. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाहून अधिक माणसे गेली. तिसऱ्या दुर्घटनेचे कारण वेगळे होते. तिथे प्रवासी बोटीच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ती या हिशेबात धरणे बरोबर नाही, आणि मी ती धरत नाही. पण कूर्मगडच्या धक्क्यावरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणला तर प्रश्न अगदी सरळ दिसतो. जत्रा संपलेली, ऊन कललेले, लांबून आलेली माणसे घरी परतायला उतावीळ. बोट भरली आहे आणि आणखी दहा जण चढू पाहत आहेत. ‘आता बस, दुसरी बोट येईपर्यंत थांबा’ असे म्हणण्याचा अधिकार तिथे कुणाला होता, आणि तो वापरल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले असते?

नकार देण्याइतके ज्ञान या किनाऱ्यावर नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणात शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही येतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उधाणाचे दिवस कोणते, भांगाचे कोणते, मतलई वारा कधी पडतो आणि खारा कधी उठतो, नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर जाताना समोरून लाट आली तर तिथे काय होते, हे तांडेलाला पाठ असते. परदेशी नौकेच्या कप्तानाला जे नकाशे आणि उपकरणे सांगतात, त्यातले बरेच याच्या अंगात मुरलेले असते. अडचण ज्ञानाची नसून मिळकतीची आहे. इथे पैसे डोकी मोजून मिळतात, त्यामुळे प्रत्येक जास्तीचे डोके म्हणजे जास्तीचा रुपया. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मलपेसमोरच्या सेंट मेरी बेटाकडच्या पर्यटक बोटीही पावसाळ्यात बंद. म्हणजे वर्षाची कमाई सात-आठ महिन्यांत करायची, आणि त्यातही शनिवार-रविवार, नाताळ आणि मेची सुट्टी एवढ्यातच. त्यात बोट बहुधा दुसऱ्याच्या मालकीची आणि तांडेल फेरीच्या हिशेबावर. अशा वेळी वारा बघून त्याने फेरी रद्द केली तर त्याचे घर त्या दिवशी रिकामे राहते, आणि शेजारचा दुसरा कुणी तीच माणसे घेऊन जातो. नकार देणारा शहाणा ठरत नाही, मूर्ख ठरतो. असल्या व्यवस्थेत सुरक्षेच्या फलकांनी काय साधणार?

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल. संपूर्ण नौका भाड्याने घेणे हा श्रीमंतांचा खेळ. सामान्य कुटुंबाला माणशी तिकीटच परवडते. आक्षेप वजनदार वाटतो, पण हुबळी-धारवाडच्याच सवयी त्याला उत्तर देतात. इथले एकत्र कुटुंब धर्मस्थळाला किंवा पंढरपूरला निघते तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर अख्खा ठरवते. भाडे गाडीचे ठरते, माणसांचे नव्हे. चालकाचा भत्ता वेगळा असतो. आणि घाटात धुके आहे म्हणून चालकाने गाडी बाजूला घेतली तर आजोबा त्याचे कौतुकच करतात. हीच पद्धत बारा माणसांच्या साध्या लाकडी किंवा फायबरच्या बोटीला का लागू नये? तिच्यावर वातानुकूलित खोली नको, शॅम्पेन नको. मार्गाची आणि दिवसाची ठरलेली रक्कम हवी, बारा जॅकेटे हवीत, आणि तांडेलाला बोट सुटो वा न सुटो मिळणारा रोज हवा. दहा-बारा जणांत वाटल्यावर हा खर्च माणशी तिकिटापेक्षा काहीसा जास्त पडेल, हे मान्य. तो जास्तीचा भाग म्हणजेच नकाराची किंमत, आणि ती आज कुणीच भरत नाही म्हणून कधीतरी जिवाने भरावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्या परदेशी व्यवस्थेचे मी गुण गातो आहे, तिच्यातही नौका बुडतात. 19 ऑगस्ट 2024 रोजी सिसिलीजवळ नांगर टाकून उभी असलेली बेझियन ही छप्पन्न मीटरची आलिशान शिडाची नौका पहाटेच्या वादळात बुडाली आणि सात जण गेले. तिच्यावर पूर्ण खलाशीवर्ग होता. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीतल्या जिल्यो बेटाजवळून, बेटाला ‘सलामी’ देण्यासाठी, कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड सहलीचे जहाज कप्तानाने स्वतःच खडकाळ किनाऱ्याशी नेले. बत्तीस माणसे मेली. म्हणजे अधिकार कप्तानाच्या हाती दिला की सगळे सुरक्षित होते, असे मुळीच नाही. बरोबर. समुद्राला नमवणारी व्यवस्था माणसाने अजून शोधलेली नाही. पण यातल्या दुसऱ्या घटनेनंतर काय झाले, तेही पाहावे. कॉन्कॉर्डियाच्या कप्तानाला 2015 मध्ये सोळा वर्षांची शिक्षा झाली. अधिकार त्याचा होता म्हणून जबाबदारीही त्याच्यावर येऊन थांबली. आपल्याकडे बोट उलटली की चौकशी मालक, चालक, बंदर खाते, जत्रा समिती अशी फिरत राहते, कारण नकार देण्याचा अधिकार आधीच कुणाकडे ठेवलेला नसतो. अधिकार कागदावर एका माणसाच्या नावे असेल तरच दोषही नेमका ठरवता येतो. म्हणून ही घटना माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. तो अर्धाच घेतला तर काय होते, एवढेच ती सांगते. नकाराचा हक्क हवा, तसे त्या हक्काचे उत्तरदायित्वही हवे, आणि दोन्ही परवान्यात लिहिलेले हवे.

तिसरा आक्षेप उद्योजकांचा. तांडेल आणि होड्या राहू द्या, म्हणतात ते. मोठ्या नौका येऊ द्या, मरीना बांधा, शंभर गरीब पर्यटकांपेक्षा दहा श्रीमंत पाहुणे बेटाला कमी त्रास देतात. यातला शेवटचा भाग अगदीच खोटा नाही. थायलंडची माया बे ही खाडी दिवसाला हजारो पर्यटकांच्या बोटींनी प्रवाळ उद्ध्वस्त झाल्यामुळे जून 2018 मध्ये बंद करावी लागली आणि जानेवारी 2022 मध्ये मर्यादित संख्येसाठी उघडली. गर्दीचा धोका खरा आहे. पण थोड्या श्रीमंतांचा भारही हलका नसतो. भूमध्य समुद्रात या नौकांच्या नांगरांनी समुद्री गवताची कुरणे खरवडली गेली, म्हणून स्पेनच्या बालेआरिक बेटांनी आणि फ्रान्सने नांगर टाकण्यावर निर्बंध आणले. आपल्या बाजूला लक्षद्वीपने एक मधला मार्ग फार आधीच काढला. कोचीहून सुटणाऱ्या ‘समुद्रम’ सहलीत पाहुणे रात्री जहाजावर राहतात आणि दिवसा एकेका बेटावर उतरतात. बेटावर जाण्यासाठी परवाना लागतो आणि तिथला दिवस बेटावरची माणसे चालवतात. ही सुद्धा बेटाबेटांची सहलच आहे; फक्त इथे बेटाला रिकामे धरलेले नाही. मरीनाचा आग्रह धरणाऱ्यांनी कारवारकडेही पाहावे. नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पासाठी इथल्या हजारो कुटुंबांनी घरे आणि किनारे सोडले. त्यानंतर जानेवारी 2020 मध्ये बंदराच्या विस्ताराने रवींद्रनाथ टागोर किनाराही जाईल म्हणून मच्छीमार रस्त्यावर उतरले. देशाच्या संरक्षणासाठी जागा देणे एक, आणि कुणाच्या सुट्टीसाठी देणे दुसरे. शिवकालीन राजनीती सांगणारे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आरमाराच्या प्रकरणात बजावते की, जहाजांना लाकूड लागले तरी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, आणि झाड जीर्ण झालेले असले तरी धन्याला राजी करून, मोबदला देऊनच घ्यावे. युद्धाच्या आरमाराला जी शिस्त लागू होती, ती सहलीच्या नौकेला जड जायचे कारण नाही. बोया कुठे बांधायचा, कुठल्या आडोशाला नांगर टाकायचा नाही, कुठल्या महिन्यात पक्षी घरट्यांवर आहेत, हे त्या पाण्यावर पोट भरणाऱ्यांना विचारून ठरावे. तांडेलाचा नकार फक्त वाऱ्यापुरता राहू नये, बेटापुरताही असावा.

एक आक्षेप उरतो आणि त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागते. जत्रेचे काय? बारा माणसांची बोट, अख्खे भाडे, हे सगळे सहलीला ठीक; पण पौष पौर्णिमेला कूर्मगडावर जाणारा भाविक पाहुणा नसतो, त्याला देवदर्शनाचा हक्क आहे, आणि तो हक्क एका दिवसावर येऊन पडतो. मान्य. म्हणून जत्रेला सहलीचा नियम लावू नये. तिथे बोटी सरकारने पुरवाव्यात, चढणाऱ्यांची मोजणी धक्क्यावर व्हावी आणि परतीच्या फेऱ्या अंधार पडण्याआधी संपाव्यात. पण त्या दिवशीही एक गोष्ट तीच राहील. मोजणी पूर्ण झाली की बोट सोडायची की नाही, हे शेवटी तांडेलाने ठरवायचे आणि पोलिसाने त्याच्या शब्दामागे उभे राहायचे.

हे सगळे घडवणे एकट्या किनाऱ्याच्या हाती नाही. म्हणूनच हा विषय रायापूरहून मांडण्याजोगा आहे. घाटावरच्या या मुलखाने कारवारवर एकदा आशा लावली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस महागला तेव्हा धारवाडचा कापूस कारवारहून थेट विलायतेला जावा म्हणून 1862 मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. पुढे 1880च्या दशकात रेल्वे मुरगावला पोचली आणि धारवाडचा माल त्या वाटेने वळला. कारवारच्या बंदराने पाहिलेले स्वप्न घाटावरच्या बाजाराने अर्ध्यावर सोडून दिले. आज तोच मुलूख पुन्हा कारवारकडे निघाला आहे, या वेळी गासड्या नव्हे तर माणसे घेऊन, आणि पर्यटक तर कापसाहून चंचल. उद्या त्याला दुसरा किनारा स्वस्त किंवा सुंदर वाटला की तो तिकडे वळेल. म्हणून किनाऱ्याने पाहुण्याच्या मर्जीवर धंदा उभा करू नये, आणि पाहुण्याने तांडेलाच्या पोटावर आपली घाई लादू नये. यातला दुसरा भाग आपल्या हातात आहे. हुबळीचे कुटुंब पहाटे घाट उतरून धक्क्यावर पोचते, तांडेल आभाळाकडे बघून मान हलवतो, आणि घरातला मोठा माणूस ठरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवून सगळ्यांना मासळीच्या जेवणाला घेऊन जातो. बेट त्या दिवशी पाहायचे राहते. ज्या किनाऱ्यावर असे पैसे निमूट दिले-घेतले जातात, त्याच किनाऱ्यावरच्या होडीत मुलाबाळांना बसवावे.